मागावर बसण्याआधी

अगं, गाव सुटून सोलापुरात आलीस, हाताला काम लगेच हवंय, कळतं मला. तरी पहिल्याच दिवशी मागावर बसू नकोस. आधी कांड्या भर, म्हणजे छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळ, आणि तुटलेला दोरा जोडायला शीक. ताण्याचा, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताचा, एक दोरा तुटला आणि तशीच विणत गेलीस, तर रेघ कापडभर दिसते. मी अख्खा वार उसवलाय.

चादरीच्या मागे लागू नकोस. ती आता यंत्रमागावर निघते, तिच्या दराशी हातमाग टिकत नाही. वॉल हँगिंग शीक, त्यातली चित्रं हातानंच उठतात.

सूत कुणाचं, मजुरी नगावर की दिवसावर, विचारून वहीत लिही. आणि विणकराचं ओळखपत्र स्वतःच्या नावानं काढ, नवऱ्याच्या नको.