कोरी सोडलेली गणितं

"मुलगी हुशार आहे हो, पण अवघड गणित दिसलं की हातच लावत नाही." शिक्षक आणि पालक, दोघांकडूनही हे मी सतत ऐकते. म्हणून माझ्याकडे आलेल्या सातवीतल्या एका मुलीबद्दल लिहिते आहे. ती ओळखू येऊ नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

तिच्या उत्तरपत्रिकेत सोपी गणितं बिनचूक होती आणि अवघड गणितांची जागा कोरी. चुकलेलं असं काहीच नव्हतं. मला तेच खटकलं.

चौथ्या भेटीत मी विचारलं, "सोडवायला घेतलं असतंस आणि चुकलं असतं, तर?"

ती बराच वेळ गप्प बसली. "मग सगळ्यांना कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"मी हुशार नाहीये ते."

ही मुलगी आळशी नव्हती, लहानपणापासून मिळालेलं 'हुशार' हे नाव जपत होती. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्रातल्या संशोधकांनी १९९८ साली पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बुद्धीचं कौतुक झालेली मुलं अपयशानंतर मागे पडली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. माझ्या कामाचा पाया हाच आहे.

तिच्या गणिताच्या सरांना भेटले. ते म्हणाले, "मी रोज सांगतो, प्रयत्न कर, जमेल."

पण अडलेल्या मुलाला नुसतं 'प्रयत्न कर' म्हणणं पुरत नाही. कुठे अडलं आणि आता दुसरं काय करून बघायचं, हे त्याला दिसावं लागतं. म्हणून सरांना सुचवलं, की उत्तरावर फुली मारण्याआधी शेवटच्या बरोबर पायरीवर खूण करा. दुरुस्त करून आणलेल्या गणितालाही गुण द्या. आणि कधीतरी स्वतः न सोडवलेलं गणित फळ्यावर घ्या, अडलात तर मोठ्यानं विचार करा. हे शेवटचं त्यांना जड गेलं, तरी त्यांनी केलं. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. मुलीला मी एकच गोष्ट सांगितली होती: खोडरबर दप्तरात ठेवायचं.

दीड महिन्यानं ती वही घेऊन आली. दोन प्रयत्न काट मारलेले, तिसरा अर्धवट. ती वही पाहताना झालेला आनंद मी विसरणार नाही.

"मॅडम, उत्तर नाही आलं. पण इथपर्यंत बरोबर आहे." तिनं सरांच्या खुणेवर बोट ठेवलं.

"आणि पुढचं?"

"पुढचं सरांनाही लगेच सुचलं नाही. उद्या आम्ही परत बसणार आहोत."