हाजिमे नो इप्पो कोणत्या क्रमाने पाहावी?

इप्पो या तरुण मुष्टियोद्ध्याची ही जपानी अ‍ॅनिमे (चलचित्र) मालिका प्रदर्शनाच्या क्रमानेच पाहावी, कारण कथानकही त्याच क्रमाने पुढे सरकते. आरंभ २००० ते २००२ या काळातील ७५ भागांच्या मूळ मालिकेपासून करावा. त्यानंतर २००३ मधील ‘चॅम्पियन रोड’ हा दूरचित्रवाणी चित्रपट आणि त्याच वर्षीचा ‘माशिबा विरुद्ध किमुरा’ हा स्वतंत्र विशेष भाग पाहावा. पुढे २००९ ची ‘न्यू चॅलेंजर’ आणि २०१३-१४ ची ‘रायझिंग’ ही पर्वे येतात.

अनेक जण हा विशेष भाग गाळून थेट ‘न्यू चॅलेंजर’कडे वळतात, ते मला पटत नाही. एरवी विनोदापुरता वावरणारा, इप्पोचा सहकारी मुष्टियोद्धा किमुरा येथे घरच्या टाकीतील माशाच्या शिकारीवरून ठोशाची युक्ती शोधतो आणि बलाढ्य माशिबासमोर उभा राहतो. माझ्या मते ही संपूर्ण मालिकेतील सर्वोत्तम लढतींपैकी एक आहे. ‘रायझिंग’च्या अखेरीस इप्पोचे प्रशिक्षक कामोगावा यांच्या तारुण्याची, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमधील कथा येते, तिची खरी खोली त्यांना आधीच्या पर्वांतून नीट ओळखल्यावरच जाणवते, त्यामुळे ती आधी पाहू नये. इप्पोची पुढील वाटचाल मात्र जॉर्ज मोरिकावा यांच्या १९८९ पासून चालू असलेल्या मूळ चित्रकथेतच वाचावी लागते.