मसुद्यावर सही व्हायच्या आधी

तुझा पाळ्यांच्या नव्या धोरणाचा मसुदा वाचला. भाषा नीट आहे, पण जवळजवळ ठरलेला कागद घेऊन कर्मचाऱ्यांकडे जाऊ नकोस. ठरवून मग विचारलं की लोकांना ते लगेच कळतं आणि पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही.

स्थानिक संस्थेत सगळेच टेबलावर बसत नाहीत. सफाई, पाणीपुरवठा, अग्निशमन, यांना ईमेल बघायला वेळ कुठला? हजेरीच्या जागी पाळीआधी पंधरा मिनिटं मागून घे आणि एकच पान ने: आज काय आहे, काय बदलणार, कधीपासून. रात्रपाळी विसरू नकोस. मी एकदा विसरलो होतो. सगळ्यात जास्त ओरड तिथूनच आली, आणि ती रास्त होती. नव्या वेळेला घरी जायला बसच नव्हती.

कर्मचारी संघटनेला आधी आणि लेखी कळव. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७८ च्या करारात (क्रमांक १५१) सार्वजनिक सेवेतल्या सेवाशर्ती ठरवताना वाटाघाटींची किंवा प्रतिनिधींच्या सहभागाची वाट सांगितली आहेच. मात्र कर्मचारी संघटनेशी बोलणं झालं म्हणजे सगळ्यांशी झालं, असं नाही. कंत्राटी माणसं अनेकदा तिच्यात नसतात.

कायद्यामुळे किंवा अंदाजपत्रकामुळे जे हलणार नाही, ते सुरुवातीलाच सांगून टाक. कोणत्या सूचना घेतल्या, कोणत्या नाही आणि का, हे नंतर फलकावर लाव. कंटाळवाणं काम आहे, म्हणून सगळे टाळतात. आणि हो, अंमलबजावणीची तारीख आत्ताच पुढे ढकल. इतक्या दिवसांत हे होणार नाही.