सिझेरियनच्या वेळी कमरेत भूल दिल्यावर रक्तदाब का उतरतो, हुडहुडी का भरते आणि ते टाळता येते का?

आपण विचारले आहे की, आपल्या पत्नीच्या पहिल्या सिझेरियनमध्ये कमरेत भुलीचे इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांतच रक्तदाब उतरला, मळमळले आणि नंतर हुडहुडी भरली. आता दुसऱ्या खेपेस हे टाळता येईल का? भूलतज्ज्ञ म्हणून माझे उत्तर असे, की बऱ्याच अंशी येईल, फक्त त्याची तयारी त्रास सुरू होण्याआधी करावी लागते.

मणक्यातील द्रवात सोडलेले ब्युपिव्हाकेन हे भुलीचे औषध वेदना थांबवते, पाय जड करते आणि त्याचबरोबर रक्तवाहिन्यांना आकुंचित ठेवणाऱ्या नसांचेही काम काही काळ बंद पाडते. सिझेरियनसाठी भूल पार छातीपर्यंत चढवावी लागत असल्याने अशा बऱ्याच नसा एकदम बंद होतात, रक्तवाहिन्या सैलावतात, पायांतले रक्त हृदयाकडे कमी परतते आणि रक्तदाब उतरतो. त्यात उताणे झोपल्यावर भरलेले गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाबले जाते, म्हणून बाळ बाहेर येईपर्यंत टेबल डावीकडे कलते ठेवतात किंवा उजव्या कुशीखाली उशी देतात.

पूर्वी इंजेक्शनआधी भरपूर सलाईन चढवण्यावर भिस्त असे. पण सैलावलेल्या रक्तवाहिन्यांपुढे नुसते सलाईन पुरत नाही. सलाईन भुलीचे इंजेक्शन देतानाच वेगाने सोडणे आणि सोबत रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध चालू करणे, ही आजची पद्धत आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात वरचा रक्तदाब मूळच्या किमान ९० टक्के राखावा आणि त्यासाठी फिनाइलएफ्रिनसारखे औषध रक्तदाब उतरण्याची वाट न पाहता द्यावे, असे सुचवले आहे. पंपातून संथपणे दिलेल्या फिनाइलएफ्रिनने मळमळही कमी होते, कारण टेबलावर येणारी मळमळ बहुधा रक्तदाब उतरल्याचीच पहिली खूण असते. या औषधाने नाडी मंदावू शकते; तशी ती मंदावली, तर आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात असलेले मेफेन्टरमिन किंवा एफेड्रिन उपयोगी पडते. एफेड्रिन मात्र वारेतून बाळापर्यंत पोहोचते, त्यामुळे पहिली पसंती त्याला देत नाहीत.

हुडहुडीचे मूळही त्याच सैलावलेल्या रक्तवाहिन्यांत आहे. शरीराच्या गाभ्यातले उबदार रक्त पायांकडे जाते, पाय गरम लागतात आणि आतले तापमान मात्र घसरते. भूल दिलेले स्नायू थरथरू शकत नाहीत, म्हणून जबडा, खांदे आणि हात तेवढे कापतात. हा त्रास किरकोळ समजून सोडून देणे मला पटत नाही: प्राणवायूची गरज वाढते, आणि हात कापत असताना दंडावरच्या पट्ट्याचे आकडे चुकतात, म्हणजे ज्या वेळी रक्तदाब नीट कळायला हवा नेमका त्याच वेळी तो कळत नाही.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे आधीच ऊब देणे. भुलीपूर्वी पंधरा-वीस मिनिटे गरम हवेचे पांघरूण घातले, तर पायांची त्वचा आधीच उबदार होते आणि गाभ्यातली ऊब तिकडे कमी ओढली जाते. सलाईनही कोमट करून द्यावे. थिएटरचा एसी शल्यचिकित्सकांच्या सोयीने लावलेला असतो (गाऊन घालून दिव्याखाली उभे राहणाऱ्याला उकडणारच), पण जागतिक आरोग्य संघटना नवजात बाळासाठी खोलीत किमान २५ अंश तापमान सांगते, तेव्हा एसी कमी करण्याची विनंती करण्यात संकोच नको. भुलीच्या औषधात थोडे फेंटानिल हे वेदनाशामक मिसळल्यानेही थरथर कमी होते. एवढे करूनही हुडहुडी भरलीच, तर शिरेतून पेथिडिन किंवा ट्रामाडॉल कमी मात्रेत देतात. ट्रामाडॉलने मळमळ वाढू शकते. डेक्समेडेटोमिडिनही गुणकारी आहे, पण त्याने नाडी आणि रक्तदाब दोन्ही उतरू शकतात, म्हणून आपल्या पत्नीच्या बाबतीत ते जपूनच वापरावे लागेल.

भूलपूर्व तपासणीला जाताना पहिल्या सिझेरियनचे कागद सोबत न्या, कारण त्यांत भुलीच्या औषधाची मात्रा आणि सर्वांत कमी नोंदलेला रक्तदाब बहुधा लिहिलेला असतो. रक्तदाबाच्या किंवा अन्य गोळ्या चालू असतील, तर त्या दिवशी कोणत्या घ्यायच्या हे तिथेच विचारून घ्या. स्वतःहून कोणतीही बंद करू नका. टेबलावर मळमळ, चक्कर किंवा धाप जाणवताच पत्नीने लगेच सांगावे, आकडा दिसण्याची वाट पाहू नये. शस्त्रक्रियेनंतरही पहिल्यांदा उठताना परिचारिका सोबत असावी, कारण पायांत ताकद परतली तरी उभे राहिल्यावर रक्तदाब पुन्हा उतरू शकतो.