ट्रेंडलाइन बरोबर, समीकरण चूक?

प्रश्न : आमच्या गावच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात जमिनीपासून किती मीटर खाली असतं, याची २००८ ते २०२० ची नोंद माझ्याकडे आहे. एक्सेलमध्ये स्कॅटर चार्ट काढून दुसऱ्या घाताची ट्रेंडलाइन (बिंदूंचा कल दाखवणारी रेषा) जोडली. रेषा २०१५ साली सुमारे ७ मीटर दाखवते. पण चार्टवरच्या समीकरणात (य = ०.०४१२क्ष² − १६६.११क्ष + १६७२८५) २०१५ घातलं की उत्तर उणे १४५ येतं! दुसऱ्या विहिरीच्या चार्टवर तर मोजणी न झालेलं वर्ष शून्यावर जाऊन बसतं.
— एक वाचक, माण तालुका

उत्तर : तुमची आकडेमोड मी करून पाहिली, ती बरोबर आहे आणि रेषाही बरोबर आहे. गोची आहे ती चार्टवर दिसणाऱ्या आकड्यांत. एक्सेल रेषा काढताना पूर्ण सहगुणक (क्ष² आणि क्षला गुणणारे आकडे) वापरतं, दाखवताना मात्र मोजकेच दशांश दाखवतं. तुमचा ०.०४१२ हा आत ०.०४१२४ असेल, तर फरक नगण्य वाटतो. पण २०१५ चा वर्ग ४०,६०,२२५. त्याला ०.००००४ ने गुणा : १६२ मीटर! एवढी खोल विहीर तुमच्याकडे नसणार.

समीकरणावर राइट क्लिक करून फॉरमॅट ट्रेंडलाइन लेबल उघडा. नंबरमध्ये सायंटिफिक निवडून दशांश स्थळं १४ करा आणि तेच आकडे उतरवून घ्या.

मला स्वतःला दुसरा रस्ता जास्त पटतो. शेजारच्या रकान्यात प्रत्येक सालातून २००७ वजा करा, म्हणजे २००८ चा १ आणि २०१५ चा ८ होईल. चार्ट त्या रकान्यावर काढा. क्ष लहान राहिला की दशांश कापले गेले तरी उत्तर फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने हलतं. मात्र इथे स्कॅटरच हवा. साध्या लाइन चार्टमध्ये सालं निव्वळ लेबल म्हणून धरली जातात आणि क्ष आपोआप १, २, ३ होतो. मधलं एखादं साल यादीत नसेल तर पुढचं सगळं एकेक घर सरकतं.

शून्याचं म्हणाल, तर त्या वर्षाच्या घरात (सेलमध्ये) बहुधा सूत्र आहे आणि ते दुहेरी अवतरणचिन्हांतून रिकामा मजकूर परत देतं. डोळ्यांना घर कोरं दिसतं, चार्ट मात्र मजकुराला शून्य धरतो आणि ट्रेंडलाइनही त्या शून्याकडे ओढली जाते. सूत्रात रिकाम्या अवतरणांऐवजी एनए हे फंक्शन रिकाम्या कंसासह लिहा. घरात 'हॅश एन/ए' असं दिसेल, ते दिसू द्या. तो बिंदू चार्टवर येणार नाही आणि ट्रेंडलाइनमध्येही धरला जाणार नाही.

आणि एक कळकळीने सांगते : ही वक्ररेषा पुढे २०३० पर्यंत ताणून ग्रामसभेत ठेवू नका. घात दोनचा वक्र एकदा वळला की त्याच दिशेने वाढतच जातो. विहिरीचं पाणी त्या-त्या वर्षीच्या पावसावर आणि उपशावर ठरतं, ते या समीकरणात कुठेच नाही. सभेला नोंदींचे १३ बिंदू दाखवा आणि शेजारी त्या वर्षांचा पाऊस मांडा.