मुलीला ‘डिक्शनरी’ म्हणतात, काय करू?

प्रश्न: आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरी तेलुगू बोलतो. मुलगी बारावी कला शाखेत आहे, मराठी वाचन दांडगं. बोलण्यात ‘अनभिज्ञ’, ‘अप्रस्तुत’ असे शब्द येतात. मैत्रिणी ‘डिक्शनरी’ म्हणून चिडवतात, म्हणून वर्गात तोंडच उघडत नाही. साधं बोल म्हणून सांगू का?

उत्तर: ताई, तिचे शब्द जास्त झालेले नाहीत, एका बाजूला कललेत. घरात तेलुगू असली की मराठी येते ती पाठ्यपुस्तकातून. बाजारातली, गल्लीतली मराठी मागे राहते. मग टपरीवरही निबंधाची भाषा तोंडात येते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ही भाव खातेय. जिथे ‘काय बे’शिवाय गप्पा सुरू होत नाहीत, तिथे ‘अप्रस्तुत’ टोचणारच. यंत्रमागावरचे धोटा, कांडी, बीम हे शब्दही सगळ्यांना कुठे कळतात? पण मागावरच्या माणसाला कुणी हसत नाही, कारण ते कामाचे आहेत हे दिसतं.

ती चारचौघांत मैत्रिणींच्या चुका काढते का, हे मात्र हळूच विचारा. बऱ्याचदा राग शब्दांचा नसतो, या सवयीचा असतो. ती लगेच सोडावी.

जड शब्द चुकला तर हसं दुप्पट. ‘पाठीमागे’ या अर्थी सर्रास ‘अपरोक्ष’ म्हणतात, मूळ शब्द ‘परोक्ष’. ‘अनभिज्ञ’च्या उलट ‘अभिज्ञ’, ‘भिज्ञ’ नव्हे. कोश बघून, वहीत स्वतःचं वाक्य लिहून मगच शब्द बोलण्यात आणावा.

सराव आठवड्यातून तीनदा: टॉवेल कसा विणतात, हे दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करायचं, एकदा शेजारच्या काकूंना सांगितल्यासारखं, एकदा परीक्षकांना. काकू ‘म्हणजे काय गं?’ म्हणतील तिथे खूण. तो शब्द गाळायचा नाही, पुढे सोपा जोडायचा: ‘अप्रस्तुत, म्हणजे इथे लागू नसलेलं.’

हा साठा वाया जाणार नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक आहे. नुसता निबंधाचा पेपर २५० गुणांचा. दुसरी वाट मराठी-तेलुगू अनुवादाची, आणि तीच मला तिच्यासाठी जास्त जवळची वाटते. फक्त त्यासाठी तेलुगू बोलता येणं पुरत नाही. लिपी येत नसेल तर बारावीची परीक्षा झाल्यावरच्या सुट्टीत रोज अर्धा तास घरातल्या जाणत्यांकडून गिरवून घ्या.