लग्नाच्या वाढदिवसाची सहल, जुन्या स्पोर्ट्‌स कारमधून
आल्प्समध्ये जुनी स्पोर्ट्‌स कार भाड्याने घेणार असाल, तर पहिल्याच दिवशी इटलीतील स्टेल्व्हिओ घाट गाठण्याचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. २,७५७ मीटर उंचीच्या या घाटाला प्राटो गावाच्या बाजूने ४८ तीव्र वळणे आहेत आणि १९६०च्या दशकातील एमजीबीसारख्या छोट्या ब्रिटिश गाडीत उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले, तर ते तापून पकड सोडू लागतात. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे वेग इंजिनच आवरते. चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर हीटर पूर्ण चालू करावा, म्हणजे इंजिनाची उष्णता गाडीच्या आत ओढली जाते. आम्ही जुलैच्या उन्हात तसेच घामाघूम होऊन माथा गाठला आणि सौभाग्यवती तासभर बोलल्या नाहीत. सामान एका मऊ पिशवीत मावेल एवढेच ठेवावे, कारण डिकीतील बरीचशी जागा स्टेपनीनेच व्यापलेली असते.